उत्तर जुळत नाही? तुमचं उत्तर पुस्तकातल्या उत्तरानं भागून बघा

"ताई, सूत्र बरोबर आहे, आकडे बरोबर घातलेत, तरी उत्तर जुळत नाही."

फिजिक्सचा गृहपाठ घेऊन येणारं जवळजवळ प्रत्येक मूल हेच वाक्य घेऊन येतं. मी म्हणते, दाखव. वही उघडते, आणि उत्तराच्या जागी खोडरबरानं घासून घासून पातळ झालेला कागद! आता मी काय बघू? सुटलेल्या गणितात मला बघण्यासारखं फारसं नसतं, चुकलेल्यात सगळं असतं. तेव्हा पहिली अट: चुकलेलं उत्तर खोडायचं नाही. त्याला चौकट करायची, शेजारी पुस्तकातलं उत्तर लिहायचं आणि दोघांचा भागाकार करायचा.

भागाकार कशाला, असं विचारतात. हे घ्या. गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगानं चालली आहे. ब्रेक लावल्यावर ५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं अवत्वरण (वेग कमी करणारं त्वरण) मिळतं. थांबेपर्यंत गाडी किती अंतर जाईल? सूत्र सरळ आहे: वेगाचा वर्ग भागिले त्वरणाची दुप्पट. मुलगा ७२ चा वर्ग करतो, ५१८४. त्याला १० नं भागतो, ५१८.४ मीटर. पुस्तकात ४० मीटर. तो सूत्र पुन्हा तपासतो, बरोबर. गुणाकार तपासतो, बरोबर. मग पुस्तकच चुकलंय असं ठरवतो.

५१८.४ भागिले ४० केलं की येतात १२.९६. हा ३.६ चा वर्ग आहे, आणि ३.६ म्हणजे किलोमीटर प्रति तास आणि मीटर प्रति सेकंद यांच्यातलं गुणोत्तर. सूत्रात वेगाचा वर्ग आहे म्हणून चुकीचाही वर्ग झाला. ७२ ला ३.६ नं भागून २० करा, २० चा वर्ग ४००, भागिले १०, झाले ४०. चूक शोधायला अर्धा मिनिट लागला, आणि ती सूत्रात नव्हतीच.

(पुस्तकात उत्तर दिलेलं नसेल तरी इथे शंका यायला हवी होती. ब्रेक लावल्यावर अर्धा किलोमीटर घसरत जाणारी गाडी कोणी रस्त्यावर आणेल का?)

भागाकारात नेहमी भेटणारे आकडे

२ किंवा अर्धा आला तर बहुतेक वेळा सूत्रातलं 'एक द्वितीयांश' राहिलेलं असतं, किंवा त्रिज्येच्या जागी व्यास गेलेला असतो. तिसरं कारण जरा लपलेलं आहे: वेग एकसारखा वाढत असताना 'अंतिम वेग गुणिले वेळ' करून अंतर काढलेलं असतं. वस्तू थांबलेल्या अवस्थेतून निघाली असेल तर सरासरी वेग अंतिम वेगाच्या निम्मा असतो, म्हणून उत्तर बरोब्बर दुप्पट येतं. ४ आला तर क्षेत्रफळ काढताना व्यास घेतला का ते बघा. ९.८ किंवा १० आला तर वस्तुमान आणि वजन यांची अदलाबदल झाली आहे, किलोग्रॅमच्या जागी न्यूटन किंवा उलट. १.०२ च्या आसपास आला तर चूक नाहीच, पुस्तकानं गुरुत्व त्वरण ९.८ घेतलंय आणि तुम्ही १०. १००० आला तर ग्रॅम. १०० आला तर सेंटिमीटर. चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना १०० नं दोनदा भागायचं असतं: १०,००० आला तर मुळीच भागलेलं नाही, एकदाच भागलं असेल तर इथेही १०० येतो.

१.७३ किंवा ०.५८ हा माझा आवडता. हे वर्गमूळ ३ आणि त्याचा व्यस्त. गणितात ३० किंवा ६० अंशाचा कोन असेल तर साइनच्या जागी कॉस गेलाय, डोळे मिटून सांगावं. प्रक्षेपित चेंडूची जास्तीत जास्त उंची काढताना साइनचा वर्ग येतो, तिथे हीच चूक ३ पट किंवा एकतृतीयांश म्हणून दिसते. ४५ अंशाच्या गणितात मात्र साइन आणि कॉस सारखेच, त्यामुळे तिथे चूक लपून बसते आणि पुढच्या गणितात छळते. साइन की कॉस याची घोकंपट्टी करू नका. कोन शून्य करून बघा. उतार सपाट झाला तर वस्तूला उतारावरून खाली ओढणारा भाग शून्य व्हायला हवा, आणि शून्याचा साइनच शून्य असतो. म्हणजे उताराच्या दिशेला साइन. संपलं.

भागाकारात काहीच ओळखीचं आलं नाही, १.३७ वगैरे काहीतरी आलं, तर चूक बहुधा गुणाकाराची नाही, बेरीज-वजाबाकीची आहे. मग दोन्ही उत्तरांची वजाबाकी करा. ६० किलोग्रॅमचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे, लिफ्ट वरच्या दिशेनं २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरणानं निघाली, तर पायाखालचं बल किती? गुरुत्व त्वरण १० धरलं तर ७२० न्यूटन. तुमचं उत्तर ४८० आलं. फरक २४०. वस्तुमान गुणिले लिफ्टचं त्वरण होतं १२०, आणि फरक त्याच्या नेमका दुप्पट. एखादी राशी मिळवायच्या ऐवजी वजा झाली की फरक असा दुप्पट येतो. तुमचं उत्तर ६०० असतं तर फरक १२० आला असता, म्हणजे ती राशी घ्यायचीच राहिली. उष्णतेच्या गणितात फरकामागे २७३ दिसले तर तापमानातल्या बदलातही २७३ मिळवलेत. बदल सेल्सिअसमध्ये २० अंश असेल तर केल्विनमध्येही २०च.

चिन्हांचा घोळ: गच्चीवरचा दगड

सगळ्यात जास्त वेळ मी याच एका गणितावर घालवलाय, म्हणून ते पूर्ण मांडते.

२५ मीटर उंच इमारतीच्या गच्चीवरून एक दगड २० मीटर प्रति सेकंद वेगानं सरळ वर फेकला. तो जमिनीवर किती वेळानं पडेल? गुरुत्व त्वरण १० घ्या.

वेळेला 'ट' म्हणू. मुलगी लिहिते: २५ = २०ट − ५ट². सगळ्याला ५ नं भागून ट² − ४ट + ५ = ०. आता विवेचक (वर्गसमीकरण सोडवताना वर्गमुळाखाली येणारी संख्या) १६ − २०, म्हणजे −४. "ताई, कॅल्क्युलेटर एरर दाखवतोय." आणि पान उलटायला हात जातो.

थांब. समीकरणानं उत्तर दिलंय, तुझा प्रश्न वेगळा होता. वरची दिशा अधिक धरून तू उजवीकडे २० अधिक आणि ५ट² वजा लिहिलंस, ते छान. पण डावीकडे २५ सुद्धा अधिक लिहिलेस. म्हणजे तू विचारलंस की दगड गच्चीच्या वर २५ मीटरवर कधी असेल? आता हा दगड किती उंच जातो ते काढ: २० चा वर्ग भागिले २०, म्हणजे २० मीटर. गच्चीवर २५ मीटरपर्यंत तो कधी पोचतच नाही. समीकरणानं प्रामाणिकपणे सांगितलं, 'कधीच नाही'. कॅल्क्युलेटरला ते एरर वाटतं, एवढंच.

जमीन गच्चीच्या खाली आहे, म्हणून विस्थापन −२५. आता ट² − ४ट − ५ = ०, म्हणजे (ट − ५)(ट + १) = ०. ट = ५ किंवा ट = −१. पाच सेकंद.

वजा एक 'अशक्य' म्हणून खोडायचा असं बहुतेकांना शिकवलेलं असतं. खोडा, पण आधी एकदा त्याच्याकडे बघा. त्याचा अर्थ असा: हाच दगड जर एक सेकंद आधी जमिनीवरून वर निघाला असता, तर बरोबर शून्याव्या सेकंदाला तो गच्चीपाशी २० च्याच वेगानं पोचला असता. पडताळा घ्या. जमिनीवरून ३० च्या वेगानं निघाला, एका सेकंदात वेग २० झाला, उंची ३० − ५ = २५. जुळलं. आणि पाचव्या सेकंदाला तो जमिनीवर किती वेगानं आदळतो? २० − ५० = −३०. तोच ३०, उलट दिशेनं. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्या मुलीनं पेन्सिल खाली ठेवली होती.

वाट बदलूनही बघा. वर जायला २ सेकंद. तिथून जमीन ४५ मीटर खाली, ५ट² = ४५, म्हणजे ३ सेकंद. दोन आणि तीन पाच. ज्यांना चिन्हांची धास्ती वाटते त्यांनी सुरुवातीला असे तुकडे पाडून सोडवलं तरी काही बिघडत नाही.

यावरून मी एक सवय लावायला सांगते. आकडे लिहिण्याआधी पानाच्या कोपऱ्यात एक बाण काढायचा आणि त्याच्या टोकाशी अधिकचं चिन्ह. मग दिलेल्या प्रत्येक राशीची दिशा त्या बाणाशी ताडून बघायची. खालची दिशा अधिक धरलीत तरी चालेल, मध्येच बदलू नका.

याच गणिताचे दोन सख्खे भाऊ आहेत. एक: 'दगड जमिनीवर पडला म्हणजे अंतिम वेग शून्य.' नाही. दगड जमिनीला लागला की त्याच्यावर जमिनीचंही बल आलं आणि आपलं सूत्र तिथेच संपलं. अंतिम वेग म्हणजे टेकण्याच्या आधीच्या क्षणाचा. दोन: 'सर्वात उंच जागी वेग शून्य, म्हणून त्वरणही शून्य.' तसं असतं तर दगड तिथेच लटकून राहिला असता.

कुठलं सूत्र लावायचं तेच कळत नाही

ही तक्रार वेगळी आहे, इथे भागायला उत्तरच नसतं. १९८१ साली मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर या संशोधकांनी नवशिक्या विद्यार्थ्यांना आणि भौतिकशास्त्रात मुरलेल्यांना गणितांचा एक गठ्ठा देऊन गट पाडायला सांगितले होते. नवशिक्यांनी चित्र बघून गट पाडले: ही उताराची, ही कप्पीची, ही स्प्रिंगची. मुरलेल्यांनी तत्त्व बघून पाडले: ही ऊर्जेच्या अक्षय्यतेची, ही न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची. सूत्र सुचत नाही याचं कारण बहुधा हेच. आपण चित्रावरून सूत्र शोधत असतो.

एकच उतार घेऊ. घर्षण नाही, उंची ५ मीटर, कोन ३० अंश, ठोकळा वरून सोडला. तळाशी वेग किती, असं विचारलं तर कोनाकडे बघायचंही कारण नाही. वरची स्थितिज ऊर्जा खाली गतिज झाली, २ × १० × ५ चं वर्गमूळ, १० मीटर प्रति सेकंद. कोन दिलाय तो तुम्हाला भुलवायला, किंवा पुढच्या उपप्रश्नासाठी. पण किती वेळात पोचेल, असं विचारलं तर ऊर्जा एकटी पुरत नाही, तिच्यात वेळ नाही. मग बल आणि त्वरणाकडे वळायचं: उताराची लांबी १० मीटर, त्वरण १० गुणिले साइन ३०, म्हणजे ५, वेळ २ सेकंद. ५ गुणिले २ पुन्हा १० मीटर प्रति सेकंदच देतात, म्हणजे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या. चित्र तेच, प्रश्नातला एक शब्द बदलला आणि तत्त्व बदललं. म्हणून प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचा आणि वहीत मराठीत एक ओळ लिहा: 'वेळ विचारलाय, म्हणून त्वरण लागेल.'

बलांचे बाण आणि घर्षणाची गंमत

वर फेकलेला चेंडू हातातून सुटलाय आणि अजून वर चाललाय. त्याच्यावरची बलं काढा म्हटलं की दहातले निम्मे वरच्या दिशेला एक बाण काढतात. मी विचारते, हा बाण कोण लावतंय? हात सुटला. दोरी नाही. 'गतीचं बल' असं उत्तर येतं. असं बल नसतं. प्रत्येक बाणाला मालक हवा: पृथ्वी, जमीन, दोरी, हात, हवा. मालक सापडला नाही तर बाण पुसायचा. ही समजूत इतकी सार्वत्रिक आहे की १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बलाच्या कल्पना तपासणारी जी बहुपर्यायी चाचणी तयार केली, तिच्यात अशाच घरगुती समजुती चुकीचे पर्याय म्हणून ठेवल्या आहेत.

घर्षणाचं तर विचारूच नका. १० किलोग्रॅमचं खोकं, घर्षण गुणांक ०.५, आडवं २० न्यूटननं ढकललं. त्वरण किती? ०.५ × १० × १० = ५० न्यूटन घर्षण. २० − ५० = −३०. त्वरण −३. वहीत असं लिहून मुलं दोन रेघा मारतात. अरे, याचा अर्थ काय झाला? तू खोकं ढकललंस आणि खोकं उलट तुझ्याच अंगावर चालून आलं! ते ५० ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे. खोकं स्थिर असेपर्यंत घर्षण लागेल तेवढंच येतं, इथे २०. त्वरण शून्य.

आणखी थोडं, पटापट

साइन ३० ला कॅल्क्युलेटर −०.९८८ दाखवतोय? तो रेडियनमध्ये आहे, अंशांवर आणा. ०.४५४ दाखवत असेल तर 'ग्रेड' नावाच्या तिसऱ्याच मोडमध्ये गेलाय. कुठलंही गणित सुरू करण्याआधी साइन ३० दाबून ०.५ येतंय ना, ते बघायला दोन सेकंद लागतात.

६ आणि ३ ओहमचे रोध समांतर जोडले आणि उत्तर ०.५ आलं? एक षष्ठांश अधिक एक तृतीयांश बरोबर केलंत, पण शेवटी उलटायचं राहिलं. उत्तर २ ओहम. 'समांतर जोडणीचा रोध सर्वात लहान रोधापेक्षा कमी' हा नेहमीचा पडताळा इथे कामाचा नाही, कारण ०.५ सुद्धा ३ पेक्षा कमीच आहे. त्याला दुसरी बाजू जोडा: रोध दोनच असतील तर उत्तर लहान रोधाच्या निम्म्यापेक्षा खाली जाऊ शकत नाही. इथे १.५ ते ३ च्या मध्येच काहीतरी यायला हवं.

आरशाच्या गणितात वस्तूचं अंतर वजा घ्यायचं विसरतात. अंतर्वक्र आरसा, नाभीय अंतर १५ सेंटिमीटर, वस्तू १० सेंटिमीटरवर. नाभीय अंतर −१५ आणि वस्तूचं अंतर −१० घेतलं की प्रतिमा +३० वर, आरशामागे, सुलट, तिप्पट मोठी. अधिक १० घेतलं तर −६ येतं, म्हणजे आरशासमोर खरी प्रतिमा. दोन किरण काढून बघितले असते तरी वस्तू नाभीच्या आत असल्यानं प्रतिमा मागेच जाणार, हे दिसलं असतं.

मदत मागताना

प्रश्नाचा फोटो आणि खाली 'प्लीज सोडवून द्या' असा मेसेज आला की मी सोडवून देत नाही, आणि त्याबद्दल माझ्यावर रुसवेही झालेत. त्याऐवजी असं लिहा: 'गच्चीवरच्या दगडाचं गणित. वर अधिक धरलं. २५ = २०ट − ५ट² मांडलं. विवेचक −४ येतोय. २५ चं चिन्ह बरोबर आहे का?' याला उत्तर द्यायला समोरच्याला एक ओळ पुरते. आणि खरं सांगायचं तर असा मेसेज लिहितानाच अर्ध्यांना चूक सापडते, पाठवायची वेळच येत नाही.

किती वेळ अडून बसायचं? वीस मिनिटांत वहीत एकही नवी ओळ आली नसेल तर विचारा. नवी ओळ येत असेल, चुकीची का होईना, तर चालू द्या. मदत करणाऱ्या दादा-ताईंना माझं एकच सांगणं: पेन्सिल मुलाच्या हातातून घेऊ नका.

एआयकडून सोडवून घेणारेही आता बरेच आहेत. त्याच्या पायऱ्या वाचताना सगळं पटत जातं आणि मान डोलत राहते, धोका तिथेच आहे. त्यालाही पूर्ण उत्तर मागू नका. आपल्या पायऱ्या द्या आणि पहिली चुकलेली ओळ कोणती, तेवढंच विचारा. त्याचंही चुकू शकतं, म्हणून पडताळा आपणच घ्यायचा. आणि कोणाचीही मदत घेतली असो, पान मिटून एक आकडा बदलून तेच गणित पुन्हा सोडवा. दगडाच्या गणितात इमारत ६० मीटरची करा. ६ सेकंद आले तर समजलं. नाही आले तर समजल्यासारखं वाटलं होतं.

हे सगळं करूनही जुळलं नाही, तर? कधीकधी खरंच पुस्तकातलं उत्तर चुकलेलं असतं, छपाईत किंवा आवृत्ती बदलताना प्रश्नातला आकडा बदलून उत्तर तेच राहिल्यानं. दोन वेगळ्या वाटांनी तुमचं एकच उत्तर आलं, एककं जुळली, आणि भागाकार-वजाबाकीत वरचं काहीच सापडलं नाही, तर पुस्तकातल्या उत्तराशेजारी पेन्सिलनं प्रश्नचिन्ह करा आणि दोन्ही वाटा लिहिलेलं पान शिक्षकांना दाखवा.